'पूर्ववत करणे' : खानदेशातल्या पूरदुरुस्तीचं वाचन

एखाद्या पुस्तकावर टीका करतात तशी आज एका कामावर टीका करायची आहे. पूर येऊन गेल्यावर आपल्याकडे जे काम निघतं, ते काम. आधी पंचनामा, मग अंदाजपत्रक, मग निविदा, मग भिंत किंवा मोरी, आणि शेवटी त्या भिंतीवरचा फलक. हे सगळं कोणीतरी लिहिलेलं असतं. त्याला भाषा असते, ठरलेले शब्द असतात, काही गोष्टी त्यात हटकून येतात आणि काही कधीच येत नाहीत. कादंबरी वाईट निघाली तर आपण बाजूला ठेवून देतो. अंदाजपत्रक वाईट निघालं तर त्याच्यावर सिमेंट ओतलं जातं आणि पुढची तीस वर्षं ते आपल्या दारात उभं राहतं. म्हणून त्याचं वाचन जरा कसून व्हायला हवं असं आम्हाला वाटतं.

या वाङ्मयातला सर्वांत लाडका शब्द कोणता? 'पूर्ववत'. रस्ता पूर्ववत करणे, मोरी पूर्ववत करणे, संरक्षक भिंत पूर्ववत करणे, जनजीवन पूर्ववत. ऐकायला किती शहाणा शब्द आहे. आमचं आजचं सगळं भांडण या एका शब्दाशी आहे. जी वस्तू पुरात गेली ती जशी होती तशी होती म्हणूनच पुष्कळदा गेलेली असते. तिला पूर्ववत करणं म्हणजे पुढच्या पुरासाठी तिला पुन्हा जागेवर नेऊन उभं करणं.

आता, खानदेशात पुराबद्दल बोलायचं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक प्रश्न येतो. इथे पाणी आहे कुठे? बरोबरच आहे. जळगावचा वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर, धुळ्याचा त्याहून कमी. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. आपल्या बहुतेक नद्या आठ महिने वाळूचे रस्ते असतात. वाळवंट नाही म्हणता येणार, पण वाळवंटातल्या शहरांशी आपलं एक नातं आहे. तिथेही पाऊस क्वचित येतो, आला की एकदम येतो, आणि दोन पावसांच्या मध्ये माणसं पाण्याची वाट विसरून जातात. पाण्याची आठवण मात्र पक्की असते. ते आपल्या वाटेनेच येतं.

हे आजचं नाही. १८८०च्या सुमाराला निघालेलं खानदेशचं गॅझेटियर उघडा. १८७२ साली पांझरेला पूर आला आणि धुळ्यात घरादारांचं मोठं नुकसान झालं. पुढे चारच वर्षांनी, १८७६-७७ला, तोच जिल्हा दुष्काळात होरपळला. आपल्याकडे मात्र दोघांसाठी दोन वेगळ्या फायली, दोन वेगळी खाती, दोन वेगळे ऋतू. दुष्काळाच्या वर्षी नाल्यातलं पाणी अडवायचं, पुराच्या वर्षी त्याच नाल्याला भिंत घालायची. एकाच्या कामाचा दुसऱ्याला पत्ता नाही.

उदाहरण म्हणून चाळीसगाव घेऊ, कारण ते अजून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. ३० आणि ३१ ऑगस्ट २०२१ची रात्र. सातमाळ्याच्या डोंगरात, पाटणादेवी आणि गौताळ्याच्या अंगाला प्रचंड पाऊस झाला. कन्नड घाटात दरडी कोसळल्या, वाहतूक बंद पडली. तितूर आणि डोंगरी या दोन नद्या एकदम चढल्या आणि शहरात, बाजारपेठेत, नदीकाठच्या गावांत शिरल्या. गोठ्यात दावणीला बांधलेली गुरं सोडायलाही वेळ मिळाला नाही. अहिराणीत म्हणतात तसं, 'नदीले पूर उना', एवढं वाक्य बोलून होईपर्यंत पाणी उंबऱ्यात होतं.

या नद्यांची लांबी किती? डोंगर आणि शहर यांच्यात अंतर किती? फारच थोडं. गंगेचा किंवा कृष्णेचा पूर दिवसांच्या हिशोबाने येतो. वरच्या धरणाचा विसर्ग कळतो, पाणी कुठवर आलं हे कळतं, माणूस सामान माळ्यावर टाकतो. तितूरचा पूर तासांच्या हिशोबाने येतो आणि तासांच्याच हिशोबाने उतरतो. सकाळी चिखल आणि मेलेली जनावरं मागे ठेवून नदी आपली गुडघाभर वाहत असते.

आणि आमचे नियम कोणत्या पुराला धरून लिहिलेले आहेत? कपडे आणि भांडीकुंडी वाहून गेली, भिजून नासली, त्याच्या मदतीसाठी आपत्ती निधीच्या निकषात घर दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली असण्याची अट होती. २०१९ला सांगली-कोल्हापुरात या दोन दिवसांच्या अटीवरून केवढा गदारोळ झाला हे आपल्याला आठवत असेल. ती अट वेळोवेळी शिथिल करावी लागली. पण ती मुळात सुचली कशी हे पाहण्यासारखं आहे. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर संथ, सपाट मुलखातला पूर होता. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कोरड्या गावाचा पूर त्याच्या कल्पनेतच नव्हता. आमच्याकडे दोन तासांत संसार जातो, आणि फॉर्म विचारतो दोन दिवस पाणी होतं का?

तसंच अतिवृष्टीचं. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी. आकडा वाईट नाही. पण पाऊस घाटात पडतो, आणि नुकसान जिथे होतं ते गाव कदाचित दुसऱ्याच मंडळात असतं, जिथे पर्जन्यमापकात फारसं काही साठलेलंच नाही. शिवाय चोवीस तासांत शंभर मिलिमीटर आणि दोन तासांत शंभर मिलिमीटर या एकच गोष्टी नाहीत. पहिल्याने कपाशी सुखावेल. दुसऱ्याने मोरी उडेल.

मोरीवरून आठवलं. दुरुस्तीचं खरं वाचन मोरीपाशी उभं राहून करावं. आपल्या ग्रामीण आणि शहराच्या कडेच्या रस्त्यांवर नळकांडी पूल असतात. सिमेंटचे दोनचार नळ आडवे टाकायचे, वर भराव, वर डांबर. पाणी नळातून जाईल ही अपेक्षा. पण पुराबरोबर नुसतं पाणी येत नाही. वेड्या बाभळीच्या फांद्या येतात, पऱ्हाट्या येतात, ठिबकच्या तुटक्या नळ्या, मल्चिंगचं प्लास्टिक, केळीचे खांब येतात. नळाच्या तोंडाशी हे सगळं अडकलं की नळकांडी पूल हा पूल राहत नाही, तो बंधारा होतो. पाणी फुगतं, वरच्या अंगाच्या घरांत शिरतं, आणि मग बाजूचा भराव कापून निघून जातं. सकाळी पाहावं तर नळ जागेवर आणि रस्ता गायब.

पंचनाम्यात काय लिहिलं जातं? 'रस्त्याचा भराव वाहून गेला.' खरं आहे. पण हे अर्धंच वाक्य आहे. का वाहून गेला, हा रकाना पंचनाम्यात नाही. मग अंदाजपत्रकात तितक्याच व्यासाचे तितकेच नळ आणि तितकाच भराव. पूर्ववत. आमचं म्हणणं असं की जुनी फरशी याहून शहाणी होती. फरशी म्हणजे नदीच्या तळालगत बांधलेला बुटका पूल, पूर आला की पाणी वरून जाणार हे गृहीत धरून केलेला. तिच्यावरून पुरात गाडी घालणारे जीव गमावतात, हा तिचा दोष आहे आणि तो लहान नाही. पण दोन्ही बाजूंना अडसर आणि खोलीची पट्टी लावली तर तो दोष पुष्कळ कमी होतो. नदीला मात्र ती अडवत नाही.

हा दोष कोणा एका अभियंत्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पैशाची रचनाच तशी आहे. आपत्ती निधीतून सार्वजनिक कामांना जो पैसा मिळतो तो तातडीच्या दुरुस्तीसाठी. नवा, मोठा, वेगळा पूल बांधायचा तर ते दुसरं खातं, दुसरी मंजुरी, दुसरं वर्ष. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीची वाटणी केली तेव्हा ८० टक्के प्रतिसादासाठी आणि २० टक्के आपत्ती सौम्य करण्यासाठी ठेवले. वीस टक्के का होईना वेगळे काढले हे चांगलं झालं. पण तालुक्याच्या टेबलावर ते ऐंशी आणि वीस एकमेकांना भेटत नाहीत. ऐंशीवाला मोरी होती तशी करतो आणि निघून जातो. वीसवाला कधी येईल ते येईल, तोवर वरून डांबर पडलेलं असतं.

आता जरा दूर जाऊ. १६ एप्रिल २०२४ला दुबई बुडाली ते आपण मोबाईलवर पाहिलं. अल ऐनजवळ चोवीस तासांत २५४ मिलिमीटर पाऊस. विमानतळावर पाणी, रस्त्यांवर तरंगणाऱ्या गाड्या. पुढे दुबईने पावसाचं पाणी वाहून नेण्यासाठी 'तसरीफ' नावाची योजना जाहीर केली, ३० अब्ज दिरहमची, २०३३पर्यंत पुरी करायची. आपल्याकडे लगेच दोन प्रतिक्रिया आल्या. एक, बघा, एवढे श्रीमंतही बुडतात. दोन, बघा, ते कसं लगेच काम काढतात. आमच्या मते दोन्हींत मुद्दा सुटतो. दुबईत पाऊसच पडत नाही म्हणून शहर पसरत असताना त्याच्या वाटेचा विचार मागे पडला. आता जमिनीखाली प्रचंड बोगदे खणून ती वाट विकत घ्यावी लागते आहे. आपल्याला ती विकत घेणं परवडणार नाही. पण आपल्याकडे निदान नाले अजून जमिनीवर आहेत, निम्मेशिम्मे का होईना.

दुसरं उदाहरण लिबियातल्या देर्ना शहराचं, आणि ते फार वेदनेचं आहे. शहराच्या मधून एक वाडी जाते. वाडी म्हणजे आपली वस्ती नव्हे, अरबीतला शब्द, कोरडी नदी. विसाव्या शतकात तिला पुन्हा पुन्हा पूर आले म्हणून १९७०च्या दशकात वर दोन धरणं बांधली, खास पुरापासून शहर वाचवण्यासाठी. धरणं आहेत म्हटल्यावर वाडीच्या कडेला इमारती उठल्या. १९९८पासून धरणांना तडे असल्याचं माहीत होतं. दुरुस्तीचं कंत्राट दिलं गेलं, काम जेमतेम सुरू झालं आणि २०११च्या यादवीत थांबलं. सप्टेंबर २०२३मध्ये डॅनियल वादळ आलं. रात्री दोन्ही धरणं फुटली आणि हजारो माणसं समुद्रात गेली. संरक्षण बांधलं नसतं तर तिथे इतकी माणसं राहायला गेली असती का, हा प्रश्न आम्हाला छळतो. भिंत बांधली की तिच्या मागे वस्ती येते. भिंतीची देखभाल थांबते, वस्ती थांबत नाही.

म्हणून आपल्याकडच्या 'पूरसंरक्षक भिंत' या कामाकडे आम्ही जरा संशयाने पाहतो. चाळीसगावनंतरही मागणी काय होती? भिंत बांधा. धुळ्यात पांझरेच्या काठी? भिंत, रस्ता, बागा. गेल्या दशकात पांझरेच्या दोन्ही काठांनी रस्ते झाले, त्यावर वादही झाले. मागणी करणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. ज्याच्या घरात रात्री कमरेएवढं पाणी होतं त्याला भिंतच सुचणार. पण भिंत पाणी नाहीसं करत नाही. ते समोरच्या काठावर जातं, किंवा खालच्या वस्तीत जास्त वेगाने पोचतं. नदीची रुंदी शंभर फुटांची ऐंशी केली तर उंची वाढणारच, यासाठी अभियंता असावं लागत नाही. आणखी एक, भिंतीच्या आत शहरात पडलेला पाऊस नदीत कुठून उतरणार? भिंतीत झडपेची दारं नसतील तर नदी बाहेर आणि तळं आत. दोन्ही काठांपैकी कोणत्या काठाला भिंत आधी मिळते हेही पाहत जा. जिथे दुकानं आहेत तिथे. समोर जे पत्र्याचं घर आहे, तिथे भिंतीने ढकललेलं पाणी.

महाराष्ट्रात याचं उत्तर कागदावर आहे. निळी रेषा आणि लाल रेषा. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी, तिच्या आत बांधकाम निषिद्ध. शंभर वर्षांतला पूर पोचतो ती लाल, दोन्हींच्या मध्ये निर्बंध. पाटबंधारे खात्याचं हे धोरण १९८९पासूनचं आहे. चांगलं आहे. पण रेषा आखायला नदीला 'नदी' म्हणावं लागतं. शहरातून जाणारे नाले, ओहोळ, लेंडी नाल्यासारखे प्रवाह, यांच्या नशिबी बहुधा रेषा नसते.

या मुलखाला पाणी कळत नव्हतं असं मात्र कोणी म्हणू नये. पांझरेवरची फड पद्धत काही शतकांची आहे. नदीत दगडी बंधारा, त्याला दरवाजे नाहीत, पूर आला की पाणी माथ्यावरून जाणार. पाटाला जागोजागी सांडम, जास्तीचं पाणी परत नदीत सोडायला. पाटकरी, हवालदार, जागल्या यांनी कोणाला पाणी केव्हा द्यायचं ते पाहायचं. त्यात सगळ्यांत महत्त्वाचं काय होतं? पाणी घेण्याच्या वाटेइतकीच ते सोडून देण्याची वाट बांधलेली होती. आज फडाचं गुणगान पुष्कळ होतं, तेही आम्हाला जरा जास्त वाटतं. फड जमीनवाल्यांचा होता, भूमिहीनांचा नव्हता. आणि १८७२चा पूर फड चालू असतानाच धुळ्यात शिरला होता. जुनं ते सोनं म्हणून चालणार नाही. पण सांडम ही कल्पना मात्र आपण हरवली, आणि ती हरवायला नको होती.

याच पांझरेवर एक तरुण अभियंता १८८४च्या सुमाराला नोकरीला लागला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळ पांझरेच्या पाटाचं पाणी नळाने पलीकडे नेण्याचं काम त्यांच्याकडे आलं, आणि पावसाळ्यात पुराने त्यांना चांगलंच सतावलं. आपल्या आठवणींत त्यांनी हा भाग लिहिला आहे. पुढे २८ सप्टेंबर १९०८ला हैदराबादेत मुसी नदीचा भयंकर पूर आला तेव्हा निजाम सरकारने याच विश्वेश्वरय्यांना बोलावलं. तेही कोरड्या पठारावरचं शहर. त्यांनी शहरातल्या काठांची व्यवस्था सुचवलीच, पण मुख्य उत्तर शहराच्या वर शोधलं. मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्यावर जलाशय बांधा आणि पुराचं पाणी तिथे थोपवा. त्यातून १९२०ला उस्मानसागर आणि १९२७ला हिमायतसागर झाले. हैदराबादने ते पाणी प्यायलंही. पूर आणि तहान या दोन्हींचा विचार एका फायलीत झाल्याचं हे उदाहरण आहे, आणि ते ज्या माणसाने केलं त्याची उमेदवारी आपल्या पांझरेवर झाली.

आता मेहरूणकडे येऊ. हे गाव शहरात केव्हाच मिसळलं. इथली बोरं देशभर 'मेहरूण' या नावानेच ओळखली जातात. एके काळी जळगाव शहराला पाणी या तलावातून नळाने जात होतं, इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. पुढे शहराची तहान गिरणेकडे, मग वाघूरकडे गेली. तलावावर शहराचं पोट अवलंबून राहिलं नाही, तेव्हा तलावाचं काम काय उरलं? फिरायला जाणं, गणपतीचं विसर्जन, आणि सुशोभीकरण. हाही एक लाडका शब्द, पूर्ववतचा धाकटा भाऊ.

सुशोभीकरणाला तलाव भरलेला लागतो. पाणी दिसलं पाहिजे, नाव चालली पाहिजे, फोटो आला पाहिजे. पण पुरापासून वाचवायचं तर पावसाळ्याच्या मधल्या काळात तलावात थोडी जागा रिकामी लागते, म्हणजे वरून आलेला लोंढा त्यात मावेल. काठोकाठ भरलेला तलाव पुराच्या रात्री थाळीसारखा असतो. वरून जेवढं येईल तेवढं खाली सांडणार. मेहरूण तलावासाठी आजवर काय काय मागितलं गेलं ते आठवून पाहा. पदपथ, दिवे, कारंजी. सांडवा कुठे आहे, त्याच्या खालची वाट किती रुंद आहे, ती आज कोणाकोणाच्या कुंपणात गेली आहे, याची पाटी कोणी लावायला सांगितली का? आम्हाला तलावाच्या काठी दिव्यांच्या ऐवजी पहिल्यांदा ती पाटी हवी आहे.

ही वाट कागदावर सापडते. सातबारावर 'पोटखराब' असा रकाना असतो. त्यातला 'ब' वर्ग म्हणजे रस्ता, नाला, ओढा अशा सार्वजनिक गोष्टींखाली गेलेली जमीन, तिच्यावर आकारणी नाही. गावनकाशात तोच नाला निळ्या नागमोडी रेघेने असतो. मग शेत बिनशेती होतं, प्लॉट पडतात, आणि नागमोडी रेघ कोपऱ्यात सरळ होऊन बसते. वीस-वीस फुटांचा नाला चार फुटांची गटार होतो, गटारीवर फरशा येतात, फरशांवर टपरी येते. यात प्रत्येक टप्प्याला कोणाची तरी सही आहे.

आणि इथे खरी अवघड गोष्ट आहे. नाला मोकळा करा असं व्यासपीठावरून म्हणणं सोपं आहे. जेसीबी येतो तो आधी कुठे येतो? काठावरच्या पत्र्याच्या घरांवर. वरच्या अंगाला ज्याने लेआउट पाडला तो केव्हाच प्लॉट विकून मोकळा झालेला असतो. नाल्याकाठी राहणाऱ्यांकडे घरपट्टीच्या पावत्या असतात, वीजबिलं असतात, मतदान ओळखपत्रं असतात. शहराने त्यांना तिथे राहू दिलं, कर घेतला, आणि पुराच्या दुसऱ्या दिवशी त्यांना अतिक्रमण म्हटलं. म्हणून आमची मागणी अशी आहे की पूरसंरक्षणाच्या अंदाजपत्रकात सिमेंट आणि लोखंडाच्या ओळींच्या आधी पुनर्वसनाची ओळ असावी. किती घरं, त्यांना कुठे जागा, किती महिन्यांत. ती ओळ नसेल तर ते काम पुराचं नाही, जागेचं आहे.

हे अंदाजपत्रक तपासायची वेळ ऑगस्ट नव्हे, मे. मेमध्ये नाला कोरडा असतो, आतून चालत जाता येतं. नळाच्या तोंडाशी काय अडकलंय ते दिसतं, भिंतीचा पाया उघडा पडलाय का ते दिसतं, वाळू उपसल्याने पुलाच्या खांबाखाली हात जातो का ते दिसतं. पंचनामा तेव्हा करावा, पूर येण्याआधी, आणि त्यात 'का' असा एक रकाना वाढवावा. सरकारी नमुन्यात तो येईपर्यंत हाताने आखावा लागेल. तलावापासून खाली, सांडव्याच्या वाटेने, जेवढं जाता येईल तेवढं चालत जायचं. ज्यांना यायचंय त्यांनी बाहेर वहीत नाव लिहून ठेवा, पायात बूट हवेत, काच पुष्कळ असते. आता प्रश्न असतील ते घेऊ.